मान कुणाचा, किंमत कुणाला?

21 जुलै 1403 रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरीजवळ राजा चौथा हेन्री आणि बंडखोर पर्सी घराणे यांच्यात लढाई झाली. जवळपास दोनशे वर्षांनी शेक्सपिअरने ती रंगभूमीवर आणली. 'चौथा हेन्री' या नाटकाचा हा पहिला भाग 1598 मध्ये छापून आला. बंडाच्या या कथेत प्रत्येक पात्राला एकाच प्रश्नाला सामोरे जावे लागते : मान कशात आहे आणि त्याची किंमत कोण मोजणार?

पर्सींचा तरुण वारस हॉटस्पर याला मान रणांगणावरच दिसतो. त्यासाठी चंद्रापर्यंत झेप घ्यायची, समुद्राचा तळ गाठायची त्याची तयारी आहे. फक्त त्यात वाटेकरी नको. वडील आजाराचे कारण सांगून येत नाहीत, बंडातला साथीदार ग्लेनडॉवर याचे वेल्श सैन्य पोचत नाही. तरी हा मागे हटत नाही. माणसे कमी तेवढा पराक्रम उठून दिसेल, असे त्याला वाटते. त्याचे शौर्य अस्सल आहे, म्हणूनच त्याची फसवणूक जिव्हारी लागते. राजाने देऊ केलेला समेट काका वूस्टर त्याच्यापासून लपवून ठेवतो आणि पुतण्या खोट्या निरोपावर लढायला उभा राहतो.

राजपुत्र हॅलचा मद्यपी सोबती फॉल्स्टाफ याला हे सारेच व्यर्थ वाटते. मानाने मोडलेले हाड सांधत नाही, मेलेल्याला तो उपभोगता येत नाही आणि जिवंतपणी निंदक तो टिकू देत नाहीत. युक्तिवाद बिनतोड आहे, पण त्याचे वागणे पाहा. ऐपतदारांकडून पैसे घेऊन तो त्यांना सैन्यभरतीतून सोडतो आणि फाटक्या गरिबांना रणात नेतो. त्या दीडशे जणांतले तीनही उरत नाहीत. मानाच्या हव्यासापायी माणसे मरतात, तशी मानाची चाड नसलेल्याच्या हाताखालीही मरतात.

या दोघांच्या मध्ये हॅल उभा आहे. इतिहासातला हॉटस्पर हॅलच्या वडिलांपेक्षाही वयाने थोडा मोठा होता. शेक्सपिअरने दोघांना समवयस्क केले, त्यामुळे तुलना अटळ झाली. पाळण्यातच मुलांची अदलाबदल झाली असती तर बरे, असे राजा बोलून दाखवतो. दुखावलेला हॅल वडिलांना बजावतो की हॉटस्पर हा आपला गुमास्ता आहे. तो कीर्ती गोळा करतो आहे, एक दिवस आपण ती सगळी वसूल करू. इथे हॅलची नजरही हिशेबीच आहे.

वसुलीचा दिवस येतो, हॉटस्पर त्याच्या हातून पडतो आणि हॅल वेगळाच वागतो. स्वतःची मानचिन्हे काढून तो शत्रूचा चेहरा झाकतो. मेल्याचे सोंग घेतलेला फॉल्स्टाफ उठून प्रेतावर वार करतो आणि विजय आपलाच म्हणून सांगतो. मानाला पोकळ म्हणणारा बक्षीस दिसताच तो चोरतो. हॅल ते श्रेय त्याला घेऊ देतो. बंडखोरांच्या बाजूने लढलेल्या, पकडलेल्या डग्लसला खंडणी न घेता सोडायचे ठरवतो आणि त्या औदार्याचा मान धाकट्या भावाला देतो.

हॉटस्परला मानात वाटेकरी नको होता. हॅल जिंकलेला मान दुसऱ्यांच्या हाती सोपवतो, आणि राज्य करण्याची त्याची योग्यता मला तलवारीच्या वारापेक्षा या सोडून देण्यात अधिक दिसते.