टीव्हीच्या कव्हरचा स्कार्फ

"तली म्याल बेंकी इट्टंग आगतैती." डोक्यावर निखारे ठेवल्यासारखं होतंय. अक्का फोनवर आमच्या घरच्या कन्नडमध्ये बोलायला लागली की समजावं, तिला खरोखरच त्रास होतोय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. अक्काच्या केमोथेरपीचा तिसरा डोस झाला होता आणि केस सगळे गेले होते. विग आणला होता, पण घामानं तो दहा मिनिटंसुद्धा डोक्यावर ठेवता येईना. ओढणी होती ती नायलॉनची, टाळूला टोचायची. "तुला क्रोशा येतो ना? काहीतरी हलकं करून आण," एवढंच ती म्हणाली. अक्कानं माझ्याकडं आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं.

अक्काचं सासर सौंसरचं. कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं नागपूर गाठायचं आणि तिथून छिंदवाड्याच्या बसनं सावनेर ओलांडून पुढं जायचं. रस्त्यानं संत्र्याच्या बागा लागतात, कपाशीची शेतं लागतात. राज्य मध्य प्रदेश, दुकानांच्या पाट्या हिंदीत, पण घराघरांतली बोली मराठीच. पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार तेवढी आठवते. पण सौंसर-पांढुर्णा ही आपल्यासारखीच दोन भाषांच्या घरांची पट्टी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. त्या एकाच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातली ही मराठी पट्टी मध्य प्रदेशातच राहिली. आता २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला आहे. शाळेत हिंदी, घरात वऱ्हाडी वळणाची मराठी! आपल्याकडं कन्नड-मराठीचं जे चालतं, तेच तिथं हिंदी-मराठीचं.

अक्का नवी नवरी होती तेव्हाचा एक किस्सा त्या घरात अजून सांगतात. ब्लाउजला हूक लावायला बसलेली अक्का सवयीनं म्हणाली, "दार कुठंय?" सासूबाईंनी दरवाजाकडं बोट दाखवलं. कन्नडमध्ये दार म्हणजे दोरा, हे त्यांना कोण सांगणार? "आल्या आल्या पोरगी दार इचारते, माहेरी चालली काय?" म्हणून त्या घाबरल्या होत्या म्हणे.

मी सौंसरला पोचले ती पिशवीत तयार स्कार्फ घेऊनच. घरात उरलेली मऊ ॲक्रिलिक लोकर होती, तिचा चार दिवसांत दाट खांबांचा छान गुलाबी स्कार्फ विणला होता. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास. अक्कानं तो डोक्याला गुंडाळला, माझं मन राखायला हसली आणि पाचव्या मिनिटाला हळूच काढून ठेवला. आत घाम डबडबला होता.

सासूबाई कूलरसमोर बसून हे बघत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी स्कार्फ हातात घेतला, बोटांनी चोळला. "हे लोकर नोहे पोरी, हे पलाष्टिक हाये. घाम जाईन कुठून? उन्हाळ्याले सूतच लागते."

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. ॲक्रिलिक हा कृत्रिम धागा. तो घाम शोषून घेत नाही. सुती धागा ओल शोषतो, ती हवेवर वाळते आणि वाळताना गारवा देते. त्यातही क्रोशासाठी मिळणारा चमकदार दोरा मर्सराइज्ड असतो. जॉन मर्सर या इंग्रजानं १८४४ साली सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली, तिच्यावरून हे नाव पडलं. या प्रक्रियेनं सूत बळकट होतं, रंग चांगला धरतं, पुढं तिच्यातूनच त्याला चमकही आली.

"मग उद्या बाजारातून दोरा आणते," मी म्हटलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांच्या वासातून एक पांढरी घडी बाहेर आली. टीव्हीचं कव्हर! १९८७ साली 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हा त्यांच्या घरी टीव्ही आला आणि त्यासाठी त्यांनी महिनाभर बसून हे विणलं होतं. चौकटीची जाळी आणि मधोमध भरीव चौकोनांचा मोर.

मैत्रिणींनो, आपल्या आई-सासवांच्या हातांनी काय काय सजवलं ते आठवून बघा. दाराचं तोरण, रेडिओ, टीव्ही, फ्रिज, पाण्याच्या माठावरचा रुमाल, रुखवताचं टेबल. तिकडं आंध्रात गोदावरीकाठी नरसापूरच्या बायकांनी क्रोशाच्या लेसवर पिढ्यान् पिढ्या घरं चालवली, २०२४ साली त्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याकडं मात्र ही कला बहुतेक वस्तूंवरच पांघरली गेली. सासूबाईंनी स्वतःच्या अंगावर घालायला कधी काही विणलं होतं का, विचारलं तर म्हणाल्या, "कायले? मले कोन पाह्यते?"

त्यांनी कव्हरची शेवटची गाठ शोधली, सुईच्या टोकानं सोडवली आणि दोरा माझ्या हातात दिला. "ओढ."

माझा हात पुढं होईना. त्या म्हणाल्या, "टीव्ही भितीवर गेला. थो मोर आता कोनासाठी नाचते? ओढ म्हन्तो ना."

क्रोशा एकाच दोऱ्याचा असतो, शेवटची गाठ सुटली की ओळीमागून ओळ सरसर उसवते. तासाभरात मोर गेला. जुना दोरा कुरळा निघतो. तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवून खाली हलकं वजन लावून टांगायची. सकाळी दोरा सरळ होतो. आमचा दोरा इतक्या वर्षांच्या धुण्यानं रेशमासारखा मऊ झाला होता. नव्या दोऱ्याला हा मऊपणा यायला किती धुण्या लागतील कोण जाणे! तुमच्याकडं जुना नसेल तर २० नंबरचा मर्सराइज्ड दोरा घ्या आणि आधी एकदा धुऊन वाळवा.

आता विणायचं कसं ते सांगते. बारीक दोऱ्याला एरवी आपण बारीक सुई घेतो. इथं मुद्दाम जाड घ्यायची, २ ते अडीच मिलिमीटरची. दोरा बारीक आणि सुई जाड, यातच हलकेपणा आहे. क्रोशा हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ छोटी आकडी. कन्नडमध्ये आपण कोक्के म्हणतो तेच. हात सैल ठेवून १६२ साखळ्या घाला, म्हणजे ४० कमानी होतात. कमी-जास्त करायच्या तर प्रत्येक कमानीला ४ साखळ्या धरा आणि शेवटी २ जास्तीच्या घाला.

पहिली ओळ : सुईपासून दुसऱ्या साखळीत १ मुका खांब, म्हणजे सुईवर वेढा न घेता घातलेला खांब. मग ५ साखळ्या, खालच्या ३ सोडून चौथीत मुका खांब. असं शेवटपर्यंत.

दुसरी ओळ : वळून ५ साखळ्या, पहिल्या कमानीत मुका खांब. पुढं ५ साखळ्या आणि पुढच्या कमानीत मुका खांब, असं करत जा. सर्व कमानी झाल्या की २ साखळ्या घालून शेवटच्या मुक्या खांबावर एक वेढ्याचा खांब घाला.

तिसरी ओळ : वळून १ साखळी, त्या खांबावर मुका खांब. मग ५ साखळ्या आणि पुढच्या कमानीत मुका खांब. ओळ संपताना शेवटचा मुका खांब वळणाच्या ५ साखळ्यांपैकी तिसरीत येतो.

यापुढं दुसरी आणि तिसरी ओळ आलटून पालटून. दीड मीटर झालं की थांबा. पाण्यातून काढून टॉवेलवर पसरा, कडा टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवा. खळ देऊ नका, टोचते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. जाळीतून वारा येतो तसं ऊनही येतं. केमो चालू असताना ऊन टाळायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून बाहेर पडताना अक्का आत मऊ मलमलीचा तुकडा बांधायची आणि वर हा स्कार्फ. घरात, रात्री गच्चीवर मात्र नुसती जाळी. आणि कमानी सहापेक्षा जास्त साखळ्यांच्या करू नका. माझ्या नमुन्यात मी आठ घातल्या होत्या, अक्काच्या कानातलं त्यात अडकलं आणि सगळं पुन्हा उसवावं लागलं.

नऊ दिवस लागले. दिवसा मी विणायची. दुपारी अक्का झोपली की सासूबाई सुई मागून घ्यायच्या. त्यांची बोटं संधिवातानं वाकलेली, चार कमानी झाल्या की थांबायच्या. पण त्यांच्या चार कमानी माझ्या चाळीसांपेक्षा सारख्या असायच्या. कडेला लहान टोकं त्यांनीच घातली.

संध्याकाळी अंगणात पाणी मारलं होतं. सासूबाईंनी स्वतः अक्काच्या डोक्याला तो स्कार्फ गुंडाळला. अक्कानं डोळे मिटले. "तंप ऐती," ती म्हणाली.

"काय म्हन्ते थे?" सासूबाईंनी मला विचारलं.

"थंड आहे म्हणते."

अक्काचे केस पुढच्या दिवाळीपर्यंत परत आले, आधीपेक्षा कुरळे. उपचार संपले, तपासण्या चालू आहेत. स्कार्फ अजून आहे. जामसावळीच्या हनुमानाला जाताना आता तो सासूबाईंच्या गळ्यात असतो. परवा फोनवर मी त्यांना विचारलं, "मावशी, उन्हाळा कसा आहे तिकडं?"

"ऊन लय हाये," त्या म्हणाल्या, "पन गळ्याले तंप ऐती."