बॅटरी उतरली, हे कळणार कसं?

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांमधल्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं ट्रॉलीत संसार चढवतात. बाजरीची पोती, भांडीकुंडी, अंथरुणं, एखादी शेळी आणि वर लेकरं. पुढचे पाच-सहा महिने घर म्हणजे सांगली-कोल्हापूरकडच्या, नाहीतर बेळगावकडच्या रानातली कोपी. गेल्या काही वर्षांत या सामानात सोलर प्लेट आणि १२ व्होल्टची बॅटरीही दिसू लागली आहे.

परळीत १९७१ पासून औष्णिक वीज तयार होते. पण त्याच जिल्ह्यातून निघालेल्या ऊसतोड्याच्या कोपीला मीटर नसतो. पहाटेच्या अंधारात फडात उतरायला टॉर्च लागते, मुकादमाच्या निरोपासाठी फोन चालू ठेवावा लागतो आणि साप-विंचवाच्या भीतीनं रात्री दिवा लागतोच. त्यामुळे निजण्याआधी एक प्रश्न सुटत नाही : बॅटरीत किती उरलंय?

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली अशी गाडी घेऊन कपिलधारला किंवा सौताड्याच्या धबधब्याशी मुक्काम करणाऱ्या हौशी प्रवाशालाही रात्री हेच विचारावं लागतं. त्याच्याकडे फ्रिज आणि पाण्याचा पंप असतो, कोपीत दोन दिवे आणि फोन. बॅटरीतलं रसायन मात्र पुष्कळदा तेच.

पेट्रोलच्या टाकीत किती इंधन आहे हे तरंगता गोळा सांगतो. बॅटरीत तसं काही तरंगत नाही. तिच्यातली शिल्लक आडून ओळखावी लागते. सगळ्यात स्वस्त मार्ग व्होल्टमीटरचा. शिशाची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उतरली की साधारण १२.२, आणि १२च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. आकडे सोपे आहेत, फसगत होते ती वेळेमुळे. दिवसभर उन्हात चार्ज झालेली बॅटरी संध्याकाळी १३च्या वर दाखवते आणि मालक खूश होतो. उलट पंखा चालू असताना मोजलं तर आकडा खाली बसतो आणि चांगली बॅटरी खराब वाटते. पळत आलेल्या माणसाची नाडी लगेच पाहण्यातला हा प्रकार. प्लेटही तोडलेली, दिवेही बंद, अशी दोन-चार तास बॅटरी शांत राहिली की मग मिळणारा आकडा भरवशाचा. पहाटे, दिवा लावायच्या आधी, तो सहज घेता येतो.

सोलरच्या कंट्रोलरवरचे हिरवे-लाल दिवे हाच व्होल्टेज पाहून लागतात, म्हणून त्यांनाही हीच मर्यादा आहे. कंट्रोलर साधारण ११ व्होल्टच्या आसपास कोपीतले दिवे आपोआप तोडतो. तोवर थांबायची सवय लागली तर बॅटरी फार दिवस टिकत नाही. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली, किंवा अर्धवट भरलेली तशीच ठेवली, तर आतल्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तिची साठवण कायमची घटते.

म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १२०० वॉट-तास असले, तरी खर्चायला धरायचे ६००च. मोटारसायकलची ५ अँपिअर-तासांची जुनी बॅटरी कोपीत लावली तर त्याच हिशेबानं ५ वॉटचा एक दिवा सहा तास चालतो. त्यावर फोन लावला की रात्र पुरत नाही.

ट्रॅक्टरच्या बॅटरीचं दुखणं निराळं. इंजिन बंद ठेवून रात्री टेपवर गाणी वाजली, की सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो आणि दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून गाडी चालू करावी लागते. ही बॅटरी काही सेकंद शेकडो अँपिअर देण्यासाठी बनवलेली असते. तिच्या प्लेटा पातळ असतात आणि रात्रभर हळूहळू उतरणं त्यांना मानवत नाही. त्या कामाला जाड प्लेटांची ट्यूब्युलर बॅटरी लागते.

गॅरेजवाला झाकणं उघडून हायड्रोमीटरनं ‘ग्रॅव्हिटी’ बघतो, ती पद्धत जुनी आणि जास्त खरी. बॅटरी उतरते तसं ॲसिड पातळ होतं. भरलेल्या बॅटरीत घनता १.२५ ते १.२७च्या आसपास, निम्म्यावर १.१९च्या जवळ. सहा सेलपैकी एकच खचला असेल तर तेही इथेच पकडलं जातं. व्होल्टमीटर सहांची बेरीज तेवढी सांगतो.

कॅराव्हॅनमध्ये आता लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या येत आहेत. त्यांच्यापुढे व्होल्टमीटर जवळपास निरुपयोगी ठरतो, कारण ८० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत उतरताना व्होल्टेज फक्त दोन-तीन दशांशांनी हलतं. तिथे शंट लावतात. हा धातूचा नेमक्या रोधाचा तुकडा. सगळा प्रवाह त्यातून जातो आणि त्याच्या दोन टोकांमधला मिलिव्होल्टचा फरक मोजून किती अँपिअर आत आले, किती बाहेर गेले याची वही यंत्र लिहीत राहतं. या वहीतही चुका साचतात, म्हणून अधूनमधून बॅटरी पूर्ण भरून हिशेब १०० टक्क्यांवर आणावा लागतो. शिशाच्या बॅटरीसाठी आणखी एक दुरुस्ती लागते. प्रवाह जितका जोरात ओढावा तितकी एकूण मिळकत कमी, हे जर्मन शास्त्रज्ञ प्योकर्ट यांनी १८९७ मध्येच मांडलं होतं. वीस तास ५ अँपिअर देणारी बॅटरी ५० अँपिअर दोन तास देत नाही.

कोपीपुरतं बोलायचं तर महागड्या यंत्राआधी फ्यूज लावायला हवा. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. पाचटाच्या कोपीत, चुलीशेजारी ती ठेवणं धोक्याचं; तिची जागा बाहेर, सावलीत, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो, कुटुंबं बीडला परततात आणि बॅटरी दिवाळीपर्यंत घराच्या कोपऱ्यात पडून राहते. ती न वापरताही दर महिन्याला थोडी उतरत असते, आणि चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात जरा लवकरच. महिन्यातून एकदा पाण्याची पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर घालणं, आणि मीटरवर १२.४च्या खाली आकडा दिसला की त्याच दिवशी प्लेट जोडणं, एवढं केलं तर पुढच्या हंगामात नवी बॅटरी उचलीच्या पैशातून घ्यावी लागत नाही.