काचेच्या पेटीतले समुद्रपुष्प



घरात खाऱ्या पाण्याची काचेची पेटी ठेवण्याची हौस आता आपल्या शहरांतूनही रुजू लागली आहे. पेटी आली की मासे येतात आणि मासे आले की दोनचार महिन्यांत मालकाला वाटू लागते, की हिच्यात एखादे समुद्रपुष्प किंवा प्रवाळाचा एखादा झुबका असावा. मग तो दुकानात जातो आणि डोळ्यांत भरेल ते उचलून आणतो. साडी निवडताना ही रीत चालून जाते; जिवंत प्राणी निवडताना ती बहुधा त्या प्राण्याच्या जिवावर बेतते. लहान पेटीतला प्राणी, आपल्या पेटीतल्या पाण्याला काय झेपेल ते पाहून निवडावा, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

प्रथम नावांनी होणारा घोटाळा दूर करू. समुद्रपुष्प हे पुष्प नव्हे आणि प्रवाळ हा दगड नव्हे. दोन्ही प्राणीच, आणि तेही एकमेकांचे भाऊबंद. शरीर म्हणजे एक पिशवी. तिला तोंड एकच, आणि खाल्लेले आत जाते व उरलेले बाहेर पडते ते त्याच वाटेने. तोंडाभोवती शुंडकांची झालर असते आणि शुंडकांत दंशपेशी असतात. भक्ष्याचा स्पर्श होताच त्यांतून विषारी सूक्ष्म तंतू सुटतो. समुद्रपुष्प मऊ असते व पायासारख्या चकतीने खडकाला चिकटून राहते. खडकी प्रवाळ आपल्याखाली चुन्याचे घर बांधतो. उष्ण समुद्रांतील यांच्या पुष्कळ जाती आपल्या पेशींत एकपेशीय शैवले बाळगतात. ही शैवले प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. म्हणून अशा प्राण्याला अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणेच होय.

आता एक जुनी हकीकत सांगतो. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलिएल नावाचे एक निसर्गाभ्यासक होते. त्यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक साधे लालसर समुद्रपुष्प आणले आणि काचेच्या बरणीत ठेवले. पाणी वेळोवेळी बदलावयाचे, याहून मोठी यंत्रसामग्री तेव्हा नव्हतीच. डॅलिएल १८५१ साली वारले. समुद्रपुष्प मात्र एका पालकाकडून दुसऱ्याकडे जात १८८७ पर्यंत जगले. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजीबाई, म्हणत. बरणीत साठ वर्षांच्या आसपास हा प्राणी जगला कसा? ती जात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली होती. ऊन, पाऊस, पाण्याचा चढउतार हे सारे तिच्या अंगवळणी पडलेले. तिच्या शरीरात शैवले नसल्यामुळे प्रखर प्रकाशाचीही तिला गरज नव्हती. शिवाय एडिंबरोची थंड हवा तिच्या समुद्राशी जुळणारी होती. बरणी लहान होती हे खरे, पण बरणी आणि प्राणी यांचा मेळ बसला होता.

आपल्या पेटीचा असा मेळ कशाशी बसतो, हे ठरविण्यापूर्वी पेटीचा स्वभाव ओळखला पाहिजे. पुष्कळांची समजूत असते, की पेटी लहान म्हणजे काम सोपे. प्रत्यक्षात उलट आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि हे प्रमाण खुल्या समुद्रात फारसे हलत नाही. आपल्या ६० लिटरच्या पेटीतून उन्हाळ्यात ३ लिटर पाणी वाफ होऊन उडाले, तर पाणी जाते आणि मीठ मागे राहते. ३५ चे प्रमाण जवळजवळ ३७ वर जाते. तेव्हा उडालेल्या पाण्याची भर क्षारविरहित शुद्ध पाण्याने घालावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून तेही तसेच ओतू नये. उष्णतेचेही तेच. या प्राण्यांना २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवते आणि आपल्याकडे वैशाखात घरातले पाणी सहज तिशी ओलांडते. पंखा लावला तर पाणी निवते, पण अधिक उडते. ज्याला रोज पाच मिनिटे पेटीकडे पाहणे जमणार नाही, त्याने मासे व खडक यांवरच समाधान मानावे.

नव्या पेटीत घाई तर मुळीच नको. विष्ठा व उरलेले अन्न यांपासून अमोनिया होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. हे जीवाणू स्थिरावयास चारसहा आठवडे लागतात. त्यापूर्वी आत सोडलेला प्राणी विषात सोडला असे समजावे.

आता निवडीकडे वळू. २००३ साली 'फाइंडिंग नीमो' हा चित्रपट आला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा व त्याचे समुद्रपुष्प ही जोडी घरोघरी ठाऊक झाली. गिऱ्हाईक पहिल्यांदा मागते ते हेच. परंतु या माशांना आसरा देणाऱ्या जाती फक्त दहा आहेत, आणि लहान पेटीला त्यांतली एकही सोयीची नाही. त्यांतली टोकाशी फुगे असलेली जात त्यातल्या त्यात काटक, पण तीही वीतभराहून अधिक पसरते. मोठ्या जाती तर हात-दोन हात रुंद होतात आणि त्यांच्यातली गालिच्यासारखी जात मासे गिळते. दुसरे असे, की समुद्रपुष्प चालते. जागा न मानवल्यास ते पाय सोडून निघते, वाटेतल्या प्रवाळांना भाजते आणि कधी पंपाच्या तोंडाशी ओढले जाते.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या पहिल्या पेटीत असेच एक समुद्रपुष्प आम्ही तिसऱ्या महिन्यात सोडले. एका रात्री ते पंपात सापडले. सकाळी पाणी दुधासारखे गढूळ होते आणि दोन्ही मासे तळाशी पडले होते. दुकानदाराने सावध केले नव्हते हे खरे. पण आम्ही तरी त्याला कुठे विचारले होते? तो मासा समुद्रपुष्पावाचून पेटीत सुखाने राहतो, हे आम्हांस नंतर कळले. समुद्रपुष्प ठेवायचेच असेल, तर पेटी मोठी असावी आणि निदान सहा महिने ते वर्षभर मुरलेली असावी.

दुकानात शुभ्र पांढरे समुद्रपुष्प दिसले तर भुलू नये. तो बहुधा शैवले गमावलेला, आजारी प्राणी असतो. भडक पिवळे किंवा जांभळे दिसले तर रंगविलेले तर नाही ना, अशी शंका घ्यावी. तोंड घट्ट मिटलेले, पायाची चकती अखंड आणि शुंडके चिकट, ही प्रकृती चांगली असल्याची लक्षणे.

मग नवशिक्याने घ्यावे काय? आमच्या मते पहिला मान मश्रूम कोरलचा. अळंबीसारखी ही चकती खऱ्या प्रवाळांची चुलत बहीण. चुन्याचा सांगाडा नसल्यामुळे पाण्यातील कॅल्शियमचा हिशेब तिला लागत नाही, मंद प्रकाश व संथ पाणी चालते. दुसरे लेदर कोरल. याच्या प्रत्येक जीवाला पिसांसारखी आठ शुंडके असतात. मधूनमधून तो मिटून कात टाकतो, तेव्हा मेला म्हणून घाबरू नये. तिसरे झोअँथिड, लहान बटणांसारखे रंगीत झुबके. पण येथे एक गंभीर सूचना. यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. १९७१ साली हवाई येथील शास्त्रज्ञांनी ते प्रथम वेगळे काढले. हातमोजे व चष्मा घातल्यावाचून त्यांना हात लावू नये आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये. वाफेतून विष पसरून घरची माणसे रुग्णालयात गेल्याची उदाहरणे आहेत.

फांद्यांचे खडकी प्रवाळ पहिल्या पेटीत नकोत. त्यांना प्रखर प्रकाश, जोरकस प्रवाह आणि न हलणारे पाणी लागते. केशरी सूर्यप्रवाळ मोहक खरा, पण त्याच्यात शैवले नाहीत. प्रत्येक तोंडाला घास भरवावा लागतो, नाहीतर तो महिनोन्‌महिने उपासाने झिजत मरतो.

शेवटचा प्रश्न, हे आणावे कोठून? फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ साली 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक लिहिले आणि इंग्लंडात या छंदाची लाट आली. त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ च्या 'फादर अँड सन' या पुस्तकात, हौशी लोकांनी किनाऱ्यावरील डबकी ओरबाडून उजाड केली, याची खंत नोंदविली आहे. आपल्या किनाऱ्यावर ती पाळी येऊ नये. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व खडकी प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश आहे. म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंगतीला बसविले आहे. मुंबईचा सागरी किनारा रस्ता होताना २०२० साली वरळी व हाजी अली येथील प्रवाळ हलवावयास महापालिकेलाही रीतसर परवानगी घ्यावी लागली. परदेशी खडकी प्रवाळांच्या व्यापारावरही सायटीस कराराची बंधने आहेत. तेव्हा मालवणच्या सहलीहून खिशात तुकडा आणू नये आणि किनाऱ्यावरचे समुद्रपुष्पही उपटू नये. दुसऱ्या हौशी माणसाच्या पेटीत वाढलेल्या मश्रूमचा तुकडा मागून घ्यावा. तो पेटीच्या पाण्याला आधीच सरावलेला असतो.

एक मश्रूम घ्यावे, सहा महिने सांभाळावे, आणि ते पसरू लागले तरच पुढचा विचार करावा. ज्याला एवढा धीर नसेल, त्याने अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर जावे आणि डबक्याशी उकिडवे बसून उघडलेले समुद्रपुष्प पाहावे. ते पाहावयास पैसे पडत नाहीत, आणि आपण घरी परतलो तरी ते तेथेच राहते.