प्राथमिक शाळेत आखणीचे शिक्षण : बमरोलीच्या निमित्ताने काही विचार

सुरत शहराच्या दक्षिण अंगास, उधना व पांडेसरा यांच्या शेजारी बमरोली हा भाग वसलेला आहे. यंत्रमागांचा अखंड खडखडाट, दाराशी उभ्या असलेल्या सुताच्या गाड्या आणि कोऱ्या कापडाचे ताके वाहून नेणारे हमाल ही तेथील नित्याची दृश्ये होत. जळगावहून उधन्यास येणाऱ्या लोहमार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे गेल्या कित्येक दशकांत या परिसरात येऊन स्थिरावली. घरात अहिराणी, बाजारात गुजराती आणि शाळेत मराठी अशा तीन बोलींत त्यांची मुले वाढतात. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती सात भाषांच्या माध्यमांतून शाळा चालविते व त्यांत मराठी आहे, ही गोष्ट आपणा सर्वांस अभिमानाची वाटली पाहिजे.

अशा वस्तीतील आठ-नऊ वर्षांचा मुलगा शाळेच्या वाटेवर जेवढी यंत्रे पाहतो, तेवढी पुस्तकांतून क्वचितच कोणी पाहिली असतील. ताणा ताठ का ठेवावा लागतो, धागा तुटताच माग का थांबवितात, कापडाची कड मधल्या भागापेक्षा घट्ट का असते, हे प्रश्न त्याच्या डोळ्यांसमोर रोज उभे असतात. परंतु शाळेच्या दारात पाऊल ठेवताच ते बाहेर राहतात. आत कार्यानुभवाच्या तासास फार झाले तर पताका, कागदी फुले व राख्या होतात, त्याही बाईंनी फळ्याशी करून दाखविलेल्या एका नमुन्यावरून. चाळीस मुलांच्या चाळीस राख्या एकसारख्या झाल्या की तो तास यशस्वी समजला जातो! आमच्या मते तो त्याच कारणाने अयशस्वी होय.

येथे एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आपल्या कापडबाजारात ‘डिझाइन’ म्हटले की साडीवरील वेलबुट्टी डोळ्यांपुढे येते. शिक्षणाच्या संदर्भात त्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. एखादी गरज ओळखणे, ती भागविणारी वस्तू कशी असावी याचा विचार करणे, तो विचार मापांसह कागदावर उतरविणे, वस्तू तयार करणे, ती वापरून पाहणे आणि जेथे फसली तेथे सुधारणे, या साऱ्या व्यवहारास मिळून आम्ही येथे ‘आखणी’ हा साधा शब्द योजतो. त्या आखणीस लागणारी हत्यारे, पदार्थ व युक्त्या यांचे ज्ञान म्हणजे तंत्र. इंग्लंडने १९९० पासून आपल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात हा विषय वयाच्या पाचव्या वर्षापासून अनिवार्य केला. तथापि तेवढ्यावरून ही पाश्चात्त्यांची नवी टूम आहे, असे कोणी समजू नये. तिचा एक धागा सुरत जिल्ह्यातच सापडतो.

बारडोली तालुक्यातील तापीकाठच्या हरिपुरा येथे फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. बांबू व चटया यांनी उभारलेल्या त्या नगरास विठ्ठलनगर असे नाव दिले होते. गांधीजींच्या इच्छेवरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी त्याच्या सजावटीचा भार उचलला. सुतार, कुंभार, ढोल वाजविणारे, घरकामात गुंतलेल्या स्त्रिया अशा सामान्य जनांची चित्रे साध्या कागदावर मातीच्या रंगांनी रंगविण्यात आली. नंदलाल व त्यांचे सहकारी यांनी मिळून अशी सुमारे चारशे चित्रे सिद्ध केली आणि ती प्रवेशद्वारांवर व मंडपांत लावली. हाताशी असलेल्या स्वस्त पदार्थांतून, ठरलेल्या वेळात, खेड्यातल्या माणसाच्या नजरेस रुचेल असे काही उभे करावयाचे, ही आखणीची शुद्ध कसोटी होती व ते तीस उतरले.

त्याच अधिवेशनात राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव संमत झाला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि त्याच्या मध्यभागी एखादा उत्पादक हस्तव्यवसाय, हे त्याचे सार होते. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा परिषद आणि डॉ. झाकिर हुसेन समितीचा डिसेंबरातील अहवाल यांनी त्याची भूमिका तयार केली होती. समितीने शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास दिली होती, तर मातृभाषेस ४० मिनिटे! हे प्रमाण आज कोणासही थक्क करील.

एकाच मंडपाच्या छायेत या दोन गोष्टी घडल्या आणि दुर्दैवाने त्या एकमेकींस भेटल्या नाहीत, असे आम्हांस वाटते. शाळांनी टकळी घेतली. आखणी मंडपातच राहिली. समितीच्या अहवालात गणित, विज्ञान व समाजशास्त्र यांची उद्योगाशी सांगड घालण्याचा आग्रह होता. सेवाग्रामसारख्या ठिकाणी ध्येयवादी शिक्षकांनी तो आचरणातही आणला. पण सर्वसाधारण शाळेत सूत किती निघाले याचा हिशेब सोपा आणि मुलाने विचार किती केला याचा हिशेब कठीण. तपासणीस येणारा अधिकारी सोपा हिशेबच मागणार! प्रा. के. टी. शहा यांनी वर्धा परिषदेतच शंका घेतली होती की, शाळांतील माल विकून शिक्षणाचा खर्च काढू लागलो तर मुलांची कारागिरांशी स्पर्धा सुरू होईल. ही शंका दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सुचविला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे नाव पुढे आणले. नावे पालटत गेली आणि तास आखडत गेला.

बमरोलीसारख्या वस्तीत तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. दिवसाचे बारा तास मागापाशी उभा राहणारा बाप मुलाला शाळेत घालतो तो त्याने मागापासून दूर जावे म्हणून. त्या मुलाच्या हाती शाळेनेच कात्री व सूत दिले, तर ‘हे काय नव्याने शिकवता? हे तर आमच्या घरी चालूच आहे’ असे तो म्हणाला तर त्यात वावगे काय? बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांस कामास लावणे सर्वत्र निषिद्ध झाले. परंतु शाळेच्या वेळेबाहेर व सुट्टीत कुटुंबाच्या धंद्यात मदत करण्याची मुभा, तो धंदा धोक्याचा नसल्यास, ठेवण्यात आली. या फटीतून किती मुले कामाला लागत असतील, हे ज्याचे त्याने मनाशी ताडावे. म्हणून हस्तव्यवसायाचा पुरस्कार करणाऱ्याने प्रथम या बापास उत्तर दिले पाहिजे.

आमचे उत्तर असे आहे की, मजुराला वस्तू कशी करावयाची ते सांगितलेले असते. आखणी करणाऱ्याला ते ठरवावे लागते. शाळेने द्यावयाचे ते हे ठरविण्याचे शिक्षण. त्यातून तयार झालेली वस्तू विकावयाची नाही, तिची संख्या मोजावयाची नाही, आणि एका मुलाची वस्तू दुसऱ्यासारखी झाली तर तेथेच थांबून ‘असे का?’ म्हणून विचारावयाचे.

हे केवळ इच्छेचे बोल नाहीत. मुंबईत मानखुर्द येथे १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथे या शतकाच्या पहिल्या दशकात डॉ. चित्रा नटराजन, डॉ. सुग्रा चुनावाला व त्यांचे संशोधक विद्यार्थी यांनी सहावीच्या आसपासच्या मुलांसाठी आखणी व तंत्र यांचे तीन पाठसमूह तयार करून वापरून पाहिले. एकात पिशवी करावयाची, दुसऱ्यात वजन उचलणाऱ्या पवनचक्कीची प्रतिकृती, तिसऱ्यात कळसूत्री बाहुल्यांसारखा बाहुल्यांचा खेळ. शहरातील मराठी व इंग्रजी माध्यमाच्या मुलांबरोबर ग्रामीण आदिवासी भागातील मराठी मुलेही त्यांत होती. मुलांनी गटागटाने आधी चर्चा करावी, चित्र काढावे, साहित्याची यादी व कृतीचा क्रम लिहावा, मगच वस्तूस हात घालावा आणि शेवटी आपल्या तसेच इतरांच्या वस्तूचे परीक्षण करावे, असा क्रम होता. गुजरातेत आठवीपर्यंतची शाळा प्राथमिकच गणली जाते, म्हणून हा प्रयोग आपल्या विषयाच्या कक्षेत येतो. लहान मुलांसाठी तर सुरत-मुंबई लोहमार्गालगतचे उदाहरण आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांपाशी काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ मध्ये बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडला, बिया, शिंपले, पाने यांतूनच बालशिक्षणाचे साहित्य उभे केले. विलायती साधने परवडत नाहीत ही सबब त्यांनी कायमची निकालात काढली.

बमरोलीच्या शाळेत पिशवीचाच पाठ घेतला तर काय होईल, ते थोडे विस्ताराने पाहू. शिक्षकाने नमुना न दाखविता एवढेच सांगावे : एक किलो तांदूळ शाळेपासून घरापर्यंत नेता येईल अशी पिशवी करा. तुकडे कापडबाजारातील चिंध्यांचे. मूल प्रथम कापड ओढून पाहील. ताण्याच्या व बाण्याच्या दिशेने ते फारसे ताणले जात नाही, तिरके ओढले की लांबते. तेव्हा पिशवीचा बंद कोणत्या दिशेने कापावा? सुरतेचे बहुतेक कापड कृत्रिम धाग्याचे, सुळसुळीत. त्याची कापलेली कड विसकटते आणि भार पडला की शिवणीपाशी धागे सरकतात. सुती तुकडा घेणाऱ्या गटास ही अडचण फारशी येणार नाही, जॉर्जेट घेणाऱ्यास हटकून येईल. ती सोडविण्याचे मार्ग मुलांनीच शोधावेत : कड दोनदा दुमडणे, शिवण कडेपासून आत घेणे, किंवा मागावरचीच पक्की किनार वापरणे. (मेणबत्तीवर कड वितळविण्याची युक्ती कोणीतरी सुचवील; ती वर्गात मुळीच करू देऊ नये.) बंद जेथे पिशवीला जोडला जातो तेथेच ती प्रथम फाटते, हे तांदूळ सांडल्यावर जसे कळते तसे सांगून कळत नाही. दुसऱ्या खेपेस तीच मुले तेथे आपण होऊन चौकोनी टाका घालतील व आतून जादा तुकडा लावतील.

मोठ्या मुलांस येथूनच गणितात नेता येते. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचा डेनियर, हे आपल्या व्यापाऱ्यांस पाठ असते. मग ७५ डेनियरच्या एक किलो कोनवर किती धागा असेल? उत्तर येते १२० किलोमीटर, म्हणजे सुरतेहून निघून वापी ओलांडून पुढे. बापाच्या हातातील कोनमध्ये एवढे अंतर गुंडाळलेले आहे हे समजलेल्या मुलास त्रैराशिक रुक्ष वाटणार नाही.

एक गोष्ट जाता जाता. जुन्या शाळांत मुलींना शिवण व मुलांना सुतारकाम अशी वाटणी असे. या पाठात ती शिरू देऊ नये. बमरोलीत माग चालविणारे बव्हंशी पुरुषच आहेत. तेव्हा कापड व दोरा ही बायकांची बाब, असे तेथील मुलांना तरी कोणी सांगू शकणार नाही.

अडचणी नाहीत असे नाही. वर्गात पटसंख्या मोठी, तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, आणि ज्या विषयाची परीक्षा नाही त्याकडे वरिष्ठांचे लक्ष नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस व हस्तव्यवसायांची ओळख सुचविली आहे. ते स्वागतार्हच आहे; परंतु सहावीपर्यंत मुलाची नमुन्यावरून नक्कल करण्याची सवय पक्की झालेली असते. आमच्या मते तिसरीपासून, आठवड्यातून एकदा, सलग दोन तास मिळाले तर पुरे. कात्र्या बोथट टोकाच्या असाव्यात आणि सहा मुलांमागे दोनच असाव्यात. त्यायोगे आधी चर्चा करणे व वाट पाहणे भाग पडते.

राहिला साहित्याचा प्रश्न, आणि तेथे कापडाच्या व्यापाऱ्यांशी थेट बोलता येते. वर्षाकाठी आपल्या दुकानांतून व कारखान्यांतून निघणाऱ्या चिंध्यांपैकी एखादे पोते शाळेस देणे कोणासही जड नाही. मात्र एकाच जातीच्या कापडाचे पोते देऊ नये. सुती, पॉलिस्टर, जॉर्जेट, जाडे अस्तर असे निरनिराळे तुकडे वेगवेगळे बांधून, प्रत्येकावर कापडाचे नाव लिहून द्यावेत. निदान काहींना किनार असावी. यंत्राच्या तेलाचे डाग पडलेले तुकडे आधीच वेगळे काढावेत. पुठ्ठ्याचे रिकामे कोनही टाकून न देता सोबत पाठवावेत. पवनचक्कीच्या पाठास ते उपयोगी पडतात.