दिवा त्यांचा, बिल आपलं

विजेच्या तारेवर आकडा टाकणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवा एकाच्या घरात लागतो, बिल दुसऱ्याच्या नावावर येतं. इंटरनेटवरही असा आकडा टाकला जातो. त्याला हॉटलिंकिंग म्हणतात.

समजा, एका छोट्या साहित्य संस्थेनं कवींच्या आवाजातल्या कविता आपल्या वेबसाइटवर ठेवल्या. दुसऱ्या कुणी त्या उतरवून घेतल्या नाहीत. फक्त त्या फाइलींचा पत्ता आपल्या पानात बसवला. ऐकणारा त्यांच्या पानावर ऐकतो, पण आवाज येतो संस्थेच्या सर्व्हरवरून. ३ मेगाबाइटची फाइल १०,००० वेळा ऐकली गेली, तर सुमारे ३० गिगाबाइटची वाहतूक संस्थेच्या खात्यावर पडते. महिन्याचा कोटा ठरलेला असेल तर तो संपतो, आणि संस्थेच्या दारी आलेला रसिक रिकाम्या हातानं परततो. शिवाय परक्या पानावर कवीचं नाव असेलच, याची खात्री नाही.

यावरचा उपाय सर्व्हरवरच करता येतो. ब्राउझर फाइल मागतो तेव्हा बहुधा आपण कुठून आलो, तेही सांगतो. या नोंदीला ‘रेफरर’ म्हणतात. गंमत म्हणजे १९९६ सालच्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात या शब्दाच्या स्पेलिंगमधला एक ‘आर’ गळाला, आणि ती चूक आजही तशीच चालू आहे!

अपाचे सर्व्हर असेल तर ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ नावाच्या फाइलीत आणि एन्जिनएक्स असेल तर त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलीत चार ओळी लिहायच्या. त्यांचा अर्थ इतकाच: चित्र, ध्वनी किंवा चित्रफीत मागणारा आपल्याच पानावरून आला असेल तर द्या, परक्या पानावरून आला असेल तर ‘४०३’, म्हणजे प्रवेश बंद.

मात्र हा पहारेकरी भोळा आहे. समोरचा सांगेल ते खरं मानतो. खोटं सांगणारा प्रोग्राम त्याला सहज चकवतो. उलट काही प्रामाणिक ब्राउझर खासगीपणासाठी काहीच सांगत नाहीत. अशांना अडवलं तर आपलेच श्रोते बाहेर राहतील, म्हणून कोरं उत्तर चालू द्यावं. चित्रं शोधयंत्रांत दिसायला हवी असतील, तर त्यांनाही परवानगी लिहून द्यावी. पक्का बंदोबस्त हवाच असेल, तर ठरावीक वेळेनंतर निकामी होणारे, सही केलेले पत्ते वापरता येतात. रेल्वेच्या तिकिटासारखे, मुदत संपली की प्रवास नाही.

सगळेच असं दार लावत नाहीत. विकिमीडिया कॉमन्स बाहेरच्या पानांना आपली चित्रं थेट दाखवू देतं. परवान्याच्या अटी पाळाव्यात, श्रेय द्यावं, एवढीच अपेक्षा. पण तिथं परवानगी आधी दिलेली आहे. छोट्या संस्थेची कविता आवडली, तर तिच्या पानाचा दुवा जरूर द्या. त्यानं रसिक तिच्या दारात येतो, कवीचं नाव वाचतो आणि मग ऐकायला बसतो.