काखेतील गाठ आणि शरीराचे अवधान

पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत गाठ येते. आपल्या बेळगाव-निपाणी भागातील जुनी माणसे तेव्हा ‘अवधान आले’ असे म्हणतात. अवधान म्हणजे लक्ष, सावधपणा हा त्या शब्दाचा ग्रंथांतील अर्थ आपल्या सर्वांना ठाऊक आहेच. बोलीने त्याच शब्दाने गाठीला ओळखावे, हे मला नेहमी मार्मिक वाटत आले आहे. कारण ती गाठ म्हणजे शरीराने दिलेले लक्षच असते.

हा विषय निवडण्यास निमित्त झाली एक माता. माहेर कागल तालुक्यात, सासर निपाणीजवळच्या खेड्यात. बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले. जन्मतःच्या लसी आणि सहाव्या आठवड्यातील पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस तिकडेच दिला गेला. सासरी परतल्यावर बाळाच्या डाव्या काखेत बोराएवढी गाठ लागली. घरातील वडीलधाऱ्यांनी मांडीतल्या सुईला दोष दिला आणि पुढचे डोस थांबले. काही महिन्यांनी धीर करून ती एका ठिकाणी गेली, तर “कार्ड पलीकडच्या राज्याचे आहे, सगळे पहिल्यापासून घ्यावे लागेल,” असे तिला सांगण्यात आले. माझ्याकडे आली तेव्हा बाळ आठ महिन्यांचे होते. “डॉक्टरसाहेब, एवढ्या सुया पुन्हा टोचायच्या का हो लेकराला?” हा तिचा प्रश्न होता. त्याचे उत्तर तिच्या बाळाच्या लसिकाग्रंथींतच होते.

प्रथम ‘लस’ या शब्दाकडे पाहू. जखमेतून पाझरणाऱ्या पातळ द्रवाला मराठीत लस म्हणतात. देवीचे टोचण्याचे द्रव्यही लसच. टिळकवाडीतील आपला व्हॅक्सिन डेपो आज बेळगावकरांना झाडीसाठी आणि मैदानासाठी परिचित आहे. परंतु देवीची लस तयार करणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी ती एक होती. जनावरांच्या त्वचेवर लसीचा विषाणू वाढवून हे द्रव्य मिळवीत. आपल्या शरीरातही पेशींच्या फटींतून असाच एक द्रव झिरपत असतो. सूक्ष्म वाहिन्यांतून तो गोळा होतो आणि वाटेतील लसिकाग्रंथींतून गाळला जाऊन पुन्हा रक्तात मिसळतो. या ग्रंथी घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या असून मान, काख, जांघ आणि पोट येथे त्यांचे समूह आहेत.

प्रत्येक समूहाची हद्द ठरलेली असते. पायाचा आणि मांडीचा निचरा जांघेतील ग्रंथींत होतो, हाताचा काखेतील ग्रंथींत. मांडीत दिलेल्या सुईमुळे काखेत गाठ येत नाही. त्या बाळाच्या डाव्या काखेतील गाठ डाव्या दंडावर जन्मतः दिलेल्या बीसीजीची होती. बीसीजीचे कार्य प्रामुख्याने टी-पेशींमार्फत चालते, प्रतिपिंडांमार्फत नव्हे. पण कार्यशाळा तीच. अशी लहान, हलणारी आणि पू न धरलेली गाठ बहुधा औषधाविना आपोआप विरते.

आता पेंटाव्हॅलंट लस मांडीच्या स्नायूत गेल्यावर काय घडते ते पाहू. लसीतील प्रतिजन, म्हणजे घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला आदी रोगांच्या जंतूंचे निरुपद्रवी केलेले अंश, डेन्ड्रायटिक पेशी गिळतात आणि एक-दोन दिवसांत जांघेतील ग्रंथीत पोहोचतात. काही प्रतिजन द्रवाबरोबर थेटही वाहून येतात. ग्रंथीत टी-पेशींची वस्ती वेगळी, बी-पेशींची वेगळी. बी-पेशींच्या पृष्ठभागावर ग्राहके असतात आणि प्रत्येक पेशीचे ग्राहक एकाच प्रकारच्या प्रतिजनाला जुळते. असे कोट्यवधी प्रकार शरीरात आधीच तयार असतात. प्रतिजन नवीन पेशी निर्माण करीत नाही. असलेल्यांतून जुळणारी निवडतो आणि तिची संख्या वाढवितो. हा सिद्धांत 1957 साली बर्नेट यांनी मांडला.

मात्र निवड झालेल्या बी-पेशीला सहसा एकटीने पुढे जाता येत नाही. तिला टी-पेशीची अनुमती लागते. डेन्ड्रायटिक पेशीने जागृत केलेली टी-पेशी आणि प्रतिजन धरलेली बी-पेशी यांची गाठ पडते ती दोन्ही वस्त्यांच्या सीमेवर. ग्रंथीतील हा सीमाभाग ओलांडल्याखेरीज कसदार प्रतिपिंडे तयार होत नाहीत, हे आपणा सीमावासीयांना ध्यानात ठेवण्यास सोपे जावे.

यानंतर दोन वाटा फुटतात. काही बी-पेशी त्वरित प्लाझ्मा पेशी बनून साधारण आठवड्याभरात आयजीएम या प्रकारची प्राथमिक प्रतिपिंडे सोडू लागतात. उरलेल्या पेशी ‘जर्मिनल सेंटर’ नावाच्या केंद्रात जातात. तेथे त्या झपाट्याने विभागतात आणि त्यांच्या प्रतिपिंडांच्या जनुकांत मुद्दाम लहानलहान बदल होतात. निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या पानांची प्रतवारी होते, तशी येथे पेशींची होते. प्रतिजनाला अधिक घट्ट धरणाऱ्या पेशी राहतात, बाकीच्या नष्ट होतात. पेशींच्या या वर्दळीनेच ग्रंथी फुगते.

या प्रतवारीला काही आठवडे लागतात. तिच्यातून दोन प्रकारच्या पेशी बाहेर पडतात. दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत जाऊन आयजीजी प्रतिपिंडे अखंड पुरवितात. अशी एक पेशी सेकंदाला हजारो रेणू सोडू शकते. दुसऱ्या स्मृतिपेशी. त्या शांतपणे फिरत राहतात आणि तोच प्रतिजन पुन्हा भेटताच थोड्या दिवसांत जोरदार प्रतिसाद देतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, देवीची लस घेऊन 50 वर्षे उलटलेल्या व्यक्तींच्या रक्तातही अशा स्मृतिपेशी आढळल्या. आपल्या पिढीतील ज्यांच्या दंडावर देवीचा व्रण आहे, त्यांनी त्याकडे या दृष्टीने एकदा पाहावे. 1980 साली देवी रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

आता त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. पेंटाव्हॅलंटच्या दोन डोसांत किमान चार आठवडे का ठेवतात? कारण ग्रंथीतील प्रतवारी पूर्ण होण्यास अवधी लागतो. घाईने दिलेला डोस अपक्व पेशींना भेटतो. पण अंतर वाढले म्हणून स्मृती पुसली जात नाही. सहाव्या आठवड्यात मिळालेला डोस वाया गेलेला नव्हता. तोटा एवढाच की मधल्या महिन्यांत प्रतिपिंडे अपुरी असल्याने बाळ उघडे पडले होते, आणि आईकडून नाळेवाटे मिळालेली आयजीजीही याच काळात ओसरत जाते. म्हणून लसीकरण सोडले तेथूनच पुढे सुरू करायचे, पहिल्यापासून नाही. त्या बाळाला त्याच दिवशी दुसरा डोस दिला, चार आठवड्यांनी तिसरा, आणि नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाची लस. आठव्या महिन्यात काखेत लागणारी गाठ पुढे हळूहळू विरली.

पालकांसाठी एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. प्रत्येक गाठ निर्धोक नसते. गाठ दोन सेंटीमीटरहून मोठी असेल, वाढत असेल, कठीण किंवा एकमेकींत गुंतलेली असेल, तिच्यात पू झाला असेल, गळपट्टीच्या हाडावर असेल, अथवा सोबत दीर्घ ताप आणि वजन घटणे असेल, तर तपासणी टाळू नये. मानेतील गंडमाळ, म्हणजे ग्रंथींचा क्षय, आपल्याकडे अजूनही भेटतो.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. बाळंतपण माहेरी आणि संगोपन सासरी, एक राज्य तिकडे आणि एक इकडे, ही आपल्या भागातील घराघरांची स्थिती आहे. कार्ड कोणत्या भाषेत छापले आहे हे न पाहता त्यावरील तारखा पाहाव्यात. लिहिलेला डोस मान्य करावा, राहिलेला त्याच भेटीत द्यावा आणि पुढची तारीख आईला समजेल अशा शब्दांत लिहून द्यावी. सरहद्दीच्या अलीकडे टोचलेले पलीकडे गेल्यावर शरीर विसरत नाही. त्याचे अवधान सुटत नाही. आपलेही सुटू नये.