श्वासांची मोजदाद: लाल मण्यापासून मनगटापर्यंत

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याच वर्षी फिनलंडच्या पोलार कंपनीने खेळाडूंसाठी एक बिनतारी यंत्र बाजारात आणले. छातीला पट्टा बांधायचा आणि हृदयाचे ठोके मनगटावर वाचायचे. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी श्वास मोजण्याच्या गेल्या चार दशकांचा मागोवा घेताना हे वर्ष सोयीचे पडते, कारण पट्ट्याची वाट पुढे श्वासापर्यंत गेली आणि गडचिरोलीच्या जंगलातली वाट तर श्वासापासूनच सुरू झाली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. बालमृत्यूंची कारणे शोधताना न्यूमोनिया ठळकपणे पुढे आला. एक्स-रे दूर, डॉक्टर दूर, पावसाळ्यात नाले भरले की रस्ताही बंद. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन यांच्या अभ्यासातून दिसले होते, की खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो यावरून न्यूमोनिया बराचसा ओळखता येतो. म्हणजे निदान गावातच होऊ शकत होते. अडचण एकच होती. गावात मुलापर्यंत सर्वांत आधी पोचणारी बाई म्हणजे दाई, आणि तिला घड्याळ वाचता येत नव्हते, पन्नासपर्यंत मोजण्याचा सरावही नव्हता.

यावर ‘सर्च’ने काढलेला तोडगा मला आजही मनगटावरच्या कुठल्याही घड्याळापेक्षा हुशार वाटतो. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याच्या जोडीला मण्यांच्या ओळी. वाळू उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे बघायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. आकडा सांगायचा नाही, लिहायचा नाही, लक्षातही ठेवायचा नाही. दहापर्यंत मोजता आले की झाले, आणि निर्णय त्या मण्यातच असे. शिवाय औषध, म्हणजे को-ट्रायमोक्साझोल, गावातल्याच कार्यकर्त्यांच्या हाती होते. कित्येक योजना नेमक्या याच ठिकाणी अडतात: तपासणी गावात, औषध तालुक्याला.

निकाल 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उपचाराची सोय केलेली 58 गावे, तुलनेसाठी 44. वर्षभरानंतर न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू पहिल्या गटात हजारी 8.1 होते, तर दुसऱ्यात 17.5, म्हणजे 54 टक्के कमी. पुढे नवजात बाळांच्या घरोघरच्या सेवेचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये आले, आणि 2011 मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. आशाताईंच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटरबरोबर एक डिजिटल मनगटी घड्याळही आले. ते त्यांनी स्वतःची पावले मोजायला घातलेले नव्हते.

इकडे खेळाच्या घड्याळांची वाट वेगळ्याच दिशेने आली. श्वास आत घेताना हृदय किंचित वेगाने धडधडते, सोडताना मंदावते. कार्ल लुडविग यांनी 1847 मध्येच हे नोंदवले होते. दोन ठोक्यांमधले अंतर मिलिसेकंदांत मोजले, की त्या चढउतारातून श्वासांची संख्या काढता येते. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो, म्हणून त्याचा अंदाज बरा येतो. घड्याळ मनगटातल्या रक्तप्रवाहावर हिरवा उजेड टाकून तेच ओळखू पाहते. जोरात धावताना हात हलतो, ठोक्यांतला तो चढउतारही सपाट होतो आणि आकड्याचा भरवसा कमी होतो. म्हणूनच गार्मिनच्या घड्याळांत धावतानाचा श्वासदर हवा असेल तर छातीचा पट्टा लागतो. अ‍ॅपलने 2021 मध्ये ही सोय दिली ती फक्त झोपेतल्या श्वासासाठी, आणि तीही मनगटाच्या बारीक हालचालींवरून. थोडक्यात, यांतले बहुतेक आकडे मोजलेले नसतात, काढलेले असतात.

मुलांसाठी यंत्र करण्याचे प्रयत्नही झाले. युनिसेफचा ठरावीक वेळाने वाजणारा टायमर आला. 2015 मध्ये फिलिप्सने बाळाच्या पोटाला बांधायचे, हालचालीवरून श्वास मोजणारे ‘चार्म’ काढले. पण रडणारे, हातपाय झाडणारे बाळ सगळ्याच यंत्रांना भारी पडते. भारत सरकारची 2019 मधली न्यूमोनियाविरोधी ‘सांस’ मोहीमही आशांच्या मोजणीला वगळून उभी राहिली नाही.

धावणाऱ्यांनी पट्टे जरूर बांधावेत. रोजच्यापेक्षा झोपेतला श्वासदर वाढलेला दिसला तर एक दिवस विश्रांती घ्यावी, एवढ्यापुरता तो आकडा कामाचा आहे. मात्र घरात खोकणारे लहान मूल असेल तर मोठ्यांसाठी बनवलेले घड्याळ त्याच्या मनगटाला लावू नका. मूल शांत असताना त्याचा सदरा वर करा आणि पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षापर्यंत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा दवाखान्यात दाखवा.